शब्दशंका : वाद विषयात आहे की माणसात?

‘कन्टेन्शस’ या इंग्रजी विशेषणाबद्दल आणि त्याच्या गोतावळ्यातल्या शब्दांबद्दल बरीच पत्रं साठली होती. ती या वेळी एकत्र घेतली आहेत. बातम्यांत, करारांत, बैठकीच्या इतिवृत्तांत हा शब्द सारखा भेटतो, आणि संदर्भावरून अर्थ लागतो म्हणून आपण तो तपासत नाही. स्वतः लिहायची वेळ आली की मात्र हात अडखळतो. उदाहरणांतली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचावीत, म्हणजे लवकर उमगतील.

प्रश्न : शब्दकोशात ‘कन्टेन्शस’चे दोन अर्थ सापडतात, ‘वादग्रस्त’ आणि ‘भांडखोर’. हे दोन्ही एकच कसे? वाक्यात कोणता घ्यायचा हे कशावरून ठरवायचं?

उत्तर : विशेषणाच्या पुढच्या नामावरून. विशेषण क्रियापदानंतर आलं असेल, तर वाक्याच्या कर्त्यावरून.

नाम विषयाचं असेल, म्हणजे इश्यू, टॉपिक, पॉइंट, क्लॉज, डिसिजन, क्लेम यांपैकी काही, तर अर्थ ‘ज्यावरून वाद होऊ शकतो असा’. यातलं ‘होऊ शकतो’ महत्त्वाचं आहे. वकिलानं कराराच्या मसुद्यातल्या एखाद्या कलमाला ‘अ कन्टेन्शस क्लॉज’ म्हटलं, तर त्या कलमावर अजून कोणी हरकत घेतलेलीच नसेल. समोरचा पक्ष ते वाचून भुवया उंचावेल, एवढंच वकिलाला सुचवायचं असतं.

नाम माणसाचं असेल तर अर्थ स्वभावाकडे वळतो. ‘अ कन्टेन्शस मॅन’ म्हणजे वाद उकरून काढणारा, हुज्जतीला सदैव तयार असलेला माणूस. हा वापर अचूक आहे, पण पुस्तकी आहे. बोलताना इंग्रजी भाषक अशा माणसाला बहुधा ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’ म्हणतात.

तिसरा गट छोट्या शब्दकोशांत अनेकदा सुटतो. नाम प्रसंगाचं किंवा नात्याचं असेल तर वाद प्रत्यक्ष झालेला असतो. ‘अ कन्टेन्शस मीटिंग’ म्हणजे जिच्यात खडाजंगी झाली अशी बैठक. ‘वादग्रस्त बैठक’ असं भाषांतर केलं तर बैठक घेण्यावरच कोणाचा तरी आक्षेप होता असा अर्थ निघतो, आणि तो चुकीचा आहे. ‘अ कन्टेन्शस रिलेशनशिप’ म्हणजे ज्यात सतत खटके उडतात असं नातं; लोकांनी नावं ठेवलेलं नातं नव्हे.

दोन नामं लागोपाठ आली तर शेवटचं बघा. ‘अ कन्टेन्शस कमिटी’ म्हणजे आपसांत भांडणारी समिती. ‘अ कन्टेन्शस कमिटी डिसिजन’ मध्ये विशेषण डिसिजनचं आहे. समिती अगदी एकदिलानं काम करणारी असू शकते.

दोन्ही अर्थांचं मूळ एकच आहे. लॅटिनमधल्या ‘कॉन्टेन्डेरे’ या क्रियापदात ‘टेन्डेरे’ म्हणजे ताणणं. टेन्शन, टेन्ट, एक्स्टेन्ड हे शब्दही त्याच ‘टेन्डेरे’चे. ताणाताणी माणसं करतात आणि ती कशावरून तरी करतात. इंग्रजीनं एकच विशेषण दोघांना लावलं.

प्रश्न : मग ‘कॉन्ट्रोव्हर्शल’ आणि ‘कन्टेन्शस’ यांत फरक काय? वर्तमानपत्रांत तर दोन्ही एकाच विषयाला लावलेले दिसतात.

उत्तर : विषयाबद्दल बोलताना दोन्ही चालतात, हे खरं. तरी फरक आहे, आणि माणसाबद्दल बोलताना तो फार मोठा होतो.

‘कॉन्ट्रोव्हर्शल’ला चव्हाटा लागतो. लोकांत चर्चा, बातम्या, दोन जाहीर बाजू असं काही असलं की तो शब्द शोभतो. ‘कन्टेन्शस’ला एवढी गर्दी लागत नाही. चार भावंडांच्या वाटणीतला एखादा मुद्दा ‘कन्टेन्शस’ असू शकतो. त्याला ‘कॉन्ट्रोव्हर्शल’ म्हणणं अवजड वाटतं, कारण घराबाहेर तो कोणाला ठाऊकही नसतो. दुसरं असं, की ‘कॉन्ट्रोव्हर्शल’ वाद उठल्यावर चिकटतो, तर ‘कन्टेन्शस’ वाद उठण्याआधीही वापरता येतो. बैठकीची विषयपत्रिका ठरवताना ‘लेट अस टेक द लेस कन्टेन्शस आयटम्स फर्स्ट’ असं सहज म्हणतात. ज्यांवर फारसं ताणलं जाणार नाही ते विषय आधी उरकू, असा त्याचा अर्थ. बैठक अजून सुरूही झालेली नसते.

आता माणसाचं. ‘अ कॉन्ट्रोव्हर्शल पॉलिटिशिअन’ म्हणजे ज्याच्याबद्दल लोकांत टोकाचे मतभेद आहेत असा नेता. तो स्वतः मितभाषी, शांत असेल. ‘अ कन्टेन्शस पॉलिटिशिअन’ म्हणजे स्वतः वाद घालत सुटणारा नेता. पहिल्यात भांडणारे लोक, दुसऱ्यात भांडणारा तो. इथे अदलाबदल केली तर वाक्य बिघडतंच, शिवाय एका माणसाच्या स्वभावावर नसता ठपका बसतो. बातमी किंवा परिचय लिहिणाऱ्यांनी ही एक जागा तरी दोनदा तपासावी.

याच रांगेतले आणखी तीन शब्द थोडक्यात. ‘डिस्प्यूटेड’ला ठोस दावा लागतो: जमीन, मृत्युपत्र, निकाल, स्वाक्षरी. एकजण म्हणतो हे माझं, दुसरा म्हणतो तुझं नाही. ‘कन्टेस्टेड’ त्याच्या जवळचा. त्यात औपचारिक विरोध नोंदवलेला असतो, जसा ‘कन्टेस्टेड डिव्होर्स’मध्ये जोडीदारानं घटस्फोटाला किंवा त्याच्या अटींना हरकत घेतलेली असते. ‘डिव्हायसिव्ह’ परिणाम सांगतो. वादामुळे माणसांत फूट पडली किंवा पडेल, एवढं सांगायचं असलं तरच तो घ्यावा.

प्रश्न : उच्चार ‘कॉन्टेन्शिअस’ की ‘कन्टेन्शस’? आणि स्पेलिंगमध्ये टी की सी, यात दर वेळी गोंधळ होतो.

उत्तर : ‘कन्‌-टेन्‌-शस’, तीनच अवयव. जोर मधल्या ‘टेन्‌’वर. पहिला अवयव इतका हलका की ‘कॉ’ ऐकूच येत नाही, ‘क’ येतो. आपल्याकडे अक्षरं दिसतात तशी वाचायची सवय असल्यानं आय आणि ओ सुटे उच्चारले जातात आणि चौथा अवयव तयार होतो. शेवटचा तुकडा टी-आय-ओ-यू-एस असा लिहिला तरी उच्चार ‘शस’ एवढाच. कॉशस, इन्फेक्शस, न्यूट्रिशस यांतही तसाच.

स्पेलिंग सी-ओ-एन-टी-ई-एन-टी-आय-ओ-यू-एस, अक्षरं अकरा. टी की सी हे नामावरून कळतं. कन्टेन्शन हे नाम टी-आय-ओ-एन नं संपतं, म्हणून विशेषणातही टी. इन्फेक्शन, कॉशन, न्यूट्रिशन, सुपरस्टिशन या सगळ्यांचं तसंच. ‘सस्पिशन’ या नामातच सी आहे, म्हणून ‘सस्पिशस’मध्येही सी. या युक्तीला दगा देणारा एक शब्द लक्षात ठेवा: ‘प्रिटेन्शन’ हे नाम एसनं लिहितात, पण ‘प्रिटेन्शस’ टीनं.

आणखी एक फसगत. या शब्दाची पहिली सात अक्षरं म्हणजे ‘कन्टेन्ट’, समाधानी. त्यावरून अर्थाचा अंदाज बांधला तर नेमका उलटा निघतो. ‘कन्टेन्ट’चं मूळ वेगळं आहे, लॅटिन ‘कॉन्टिनेरे’, म्हणजे धरून ठेवणं, सामावून घेणं. परीक्षेत ‘कन्टेन्शस’चा समानार्थी म्हणून ‘सॅटिस्फाइड’ हा पर्याय मुद्दाम ठेवला जातो, तो यासाठीच.

प्रश्न : एका उमेदवाराच्या शिफारसपत्रात ‘ही इज अ कन्टेन्शस वर्कर’ असं लिहून आलं आहे. बाकी पत्र कौतुकाचं आहे. ही स्तुती समजायची का?

उत्तर : लिहिणाऱ्याला जवळजवळ नक्कीच ‘कॉन्शिएन्शस’ म्हणायचं होतं, म्हणजे काम मनापासून आणि नेकीनं करणारा. त्याचं मूळ ‘कॉन्शन्स’, सदसद्विवेकबुद्धी. लिहिलं गेलं आहे ते ‘भांडखोर कामगार’. दोन्ही शब्द ‘कॉन’नं सुरू होतात आणि ‘एन्शस’नं संपतात, स्पेलिंग तपासणाऱ्या प्रणालीला दोन्ही बरोबर वाटतात, म्हणून चूक खाली रेघ न येता निसटते. पत्र पाठवणाऱ्याला एका ओळीत विचारून घ्या; उमेदवाराचं नुकसान होऊ देऊ नका. शिफारसपत्र लिहिणाऱ्यांना सांगणं एवढंच, की शंका वाटली तर ‘हार्डवर्किंग अँड केअरफुल’ लिहावं. त्यात घसरायला जागा नाही.

असाच तिसरा जुळा ‘टेन्डेन्शस’. एखादं विशिष्ट मत खपवण्याच्या हेतूनं केलेल्या लेखनाला किंवा विधानाला तो लावतात. ‘अ टेन्डेन्शस रिपोर्ट’ म्हणजे कल ठरवून लिहिलेला अहवाल. त्यावरून वाद होईल, पण विशेषण वादाबद्दल बोलत नाही, एकांगीपणाबद्दल बोलतं.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संदर्भात ‘कन्टेन्शस केसेस’ असा शब्दप्रयोग वाचला. हे सगळे खटले वादग्रस्त असतात असा अर्थ घ्यायचा का?

उत्तर : नाही. कायद्यात हा शब्द वेगळ्याच कामाला जुंपलेला आहे. तिथे तो प्रकरणाचा प्रकार सांगतो, ते किती गाजलं ते सांगत नाही.

हेग इथल्या या न्यायालयाचं काम दोन प्रकारचं. पहिलं, दोन किंवा अधिक देशांमधला तंटा ऐकून निकाल देणं. ही ‘कन्टेन्शस केस’. तिच्यात पक्षकार फक्त देशच होऊ शकतात आणि निकाल त्यांच्यावर बंधनकारक असतो. त्यावर अपील नाही. दुसरं, संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत अंगांनी किंवा विशेष संस्थांनी कायदेशीर प्रश्न विचारला तर मत देणं. हे ‘ॲडव्हायजरी ओपिनिअन’. त्यात वादी-प्रतिवादी नसतात, आणि ते मत निकालासारखं बंधनकारकही नसतं. या न्यायालयापुढचा पहिला तंटा ब्रिटन आणि अल्बानिया यांच्यातला, कॉर्फू सामुद्रधुनीचा. तो १९४७ मध्ये दाखल झाला आणि मुख्य निकाल १९४९ मध्ये आला. तो ‘कन्टेन्शस’, कारण समोरासमोर दोन बाजू होत्या.

आता १९९६ चं प्रकरण घ्या. अण्वस्त्रांची धमकी देणं किंवा त्यांचा वापर करणं आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं का, असा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं विचारला होता. याहून जास्त मतभेदाचा विषय शोधून सापडणार नाही. उत्तरातल्या कळीच्या परिच्छेदावर न्यायाधीशांची मतं सात विरुद्ध सात अशी दुभंगली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं तो मंजूर झाला. तरीही ही ‘कन्टेन्शस केस’ नव्हे. प्रश्न आमसभेचा होता, समोर प्रतिवादी नव्हता. विषय रोजच्या अर्थानं कमालीचा ‘कन्टेन्शस’, प्रकार मात्र ‘ॲडव्हायजरी’. हे एक उदाहरण पक्कं डोक्यात बसलं की दोन अर्थांची सरमिसळ होणार नाही.

इंग्लंडमधल्या वकिलांच्या कामातही हीच विभागणी आहे. १९७४ च्या सॉलिसिटर्स ॲक्टमध्ये ‘कन्टेन्शस बिझनेस’ म्हणजे न्यायालयात किंवा लवादापुढे सुरू झालेल्या कार्यवाहीतलं काम. त्यामुळे दोन बाजूंनी एकमेकांना कितीही कडक पत्रं लिहिली आणि कार्यवाही सुरू होण्याआधीच तडजोड झाली, तर ते काम ‘नॉन-कन्टेन्शस’ ठरतं.

तांत्रिक अर्थाची सोपी खूण अशी, की त्याच्यामागे ‘व्हेरी’, ‘हायली’, ‘मोअर’ लागत नाही. खटला एक तर कन्टेन्शस असतो किंवा नसतो. या वर्गवारीसाठी मराठीत ‘तंट्याचं प्रकरण’ किंवा ‘उभयपक्षी प्रकरण’ असं लिहा. ‘वादग्रस्त खटला’ नको.

प्रश्न : अनुवाद करताना ‘कन्टेन्शस इश्यू’साठी मी ‘कळीचा मुद्दा’ वापरते. संपादकांनी तो खोडला. कारण काय असावं?

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. ‘कळीचा मुद्दा’ यातली कळ म्हणजे यंत्राची किंवा कुलपाची कळ. जो सुटला की बाकी सगळं सुटतं तो मुद्दा, इंग्रजीतला ‘की इश्यू’. ‘कळीचा नारद’मधली कळ भांडणाची. दोन्ही सारख्या दिसतात म्हणून हा घोळ होतो. अर्थात एखादा मुद्दा कळीचाही असेल आणि वादाचाही. वर अण्वस्त्रांच्या उत्तरात ‘कळीचा परिच्छेद’ म्हटलं आहे तो तसाच आहे. पण कळीचा मुद्दा एकमतानंही सुटू शकतो.

विषयासाठी ‘वादाचा मुद्दा’ हा साधा आणि नेमका पर्याय. अजून वाद झालेला नसेल तर ‘वाद ओढवणारा’, ‘मतभेदाला वाव असलेला’. ‘वादग्रस्त’ हा शब्द वादानं आधीच ग्रासलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवला तर बरं. तो ‘कॉन्ट्रोव्हर्शल’च्या जवळ बसतो. ‘विवाद्य’ हा चांगला शब्द मागे पडत चालला आहे, त्याचं वाईट वाटतं. ज्यावर वाद घालायला जागा आहे असा, हा त्याचा अर्थ, आणि ‘डिबेटेबल’ला तो अगदी फिट्ट बसतो. माणसासाठी हुज्जतखोर, वादखोर, तंटेखोर, बोलीत भांडकुदळ. ‘बोन ऑफ कन्टेन्शन’ आला तर हाडूक मराठीत आणू नका. ‘भांडणाचं मूळ’ पुरे.

प्रश्न : कार्यालयीन ई-मेलमध्ये ‘आय ॲम डिसअग्रीएबल टु युअर प्रपोजल’ असं लिहिलं. वरिष्ठांनी सुधारून परत पाठवलं, पण चूक काय ते सांगितलं नाही.

उत्तर : ‘डिसअग्रीएबल’ म्हणजे असहमत नव्हे, अप्रिय, नकोसा. वास, हवा, माणूस, काम यांना तो लागतो. तुमच्या वाक्यातून ‘तुमच्या प्रस्तावाशी मी खडूसपणे वागतो’ असं काहीतरी अर्धवट निघतं. गंमत म्हणजे याचं होकारार्थी रूप दोन्ही अर्थांनी चालतं. ‘अग्रीएबल’ म्हणजे प्रसन्न, आणि ‘राजी’सुद्धा: ‘आर यू अग्रीएबल टु दिस?’ नकारार्थी रूपाला दुसरा अर्थ मिळालेला नाही.

याच घरातली दुसरी, याहून जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘आय ॲम नॉट अग्री’. तिचं कारण मराठीत आहे. ‘मी सहमत नाही’ यात सहमत हे विशेषण आहे, म्हणून आपण इंग्रजीतही ‘ॲम’ घालतो. पण ‘अग्री’ आणि ‘डिसअग्री’ ही क्रियापदं आहेत. ‘आय डोन्ट अग्री’, ‘आय डिसअग्री’ एवढंच म्हणायचं. ‘मी असहमत आहे’ याला इंग्रजीत रोजच्या वापरातलं, एका शब्दाचं, सरळ विशेषणच नाही. म्हणून शोध घेणारा ‘डिसअग्रीएबल’वर येऊन आदळतो.

शब्दयोगीही सांभाळा. माणसाशी किंवा मताशी ‘अग्री विथ’, प्रस्तावाला किंवा अटीला ‘अग्री टु’, चर्चा करून ठरवलेल्या गोष्टीवर ‘अग्री ऑन’. नकारात ‘डिसअग्री टु’ असं होत नाही; ‘डिसअग्री विथ’ म्हणा, आणि विषय सांगायचा तर ‘ऑन’, ‘अबाउट’ किंवा ‘ओव्हर’. वरिष्ठांना सौम्यपणे कळवायचं असेल तर ‘आय हॅव सम रिझर्वेशन्स अबाउट द प्रपोजल’ लिहा आणि पुढच्याच वाक्यात आक्षेप कशावर आहे ते मांडा. ते मांडलं नाही तर वाक्य नुसतं टाळाटाळीचं वाटतं.

समितीच्या कागदपत्रांत बहुमताविरुद्ध मत नोंदवायचं असेल तर शब्द ‘डिसेन्टिंग’. ‘अ डिसेन्टिंग ओपिनिअन’ म्हणजे निर्णयाशी असहमत अल्पमत. निर्णय झालेला असावा लागतो. चर्चा चालू असताना कोणी वेगळं बोललं तर त्याला ‘डिसेन्टिंग’ म्हणणं घाईचं. सोबत ‘फ्रॉम’ येतं: ‘शी डिसेन्टेड फ्रॉम द मेजॉरिटी’.

प्रश्न : ‘मूट पॉइंट’ म्हणजे चर्चेला खुला मुद्दा की चर्चेत अर्थ नसलेला मुद्दा? दोन्ही वाचायला मिळालं.

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा शब्द धोक्याचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘मूट’ म्हणजे सभा, न्यायनिवाड्यासाठी जमलेली मंडळी. त्यावरून चर्चेला घेण्याजोगा, अनिर्णित असा अर्थ आला, आणि ब्रिटिश वापरात तो टिकून आहे. विधी महाविद्यालयांत सरावासाठी कल्पित खटले चालवतात, ते ‘मूट’. खटला कल्पित, म्हणून निकालाला व्यवहारात महत्त्व नाही. या बाजूनं अमेरिकेत दुसरा अर्थ वाढला, आता ज्याचा उपयोग उरला नाही असा.

अमेरिकन न्यायालयांत हा अर्थ पक्का आहे. १९७४ च्या डेफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड प्रकरणात एका विद्यार्थ्यानं विधी महाविद्यालयात प्रवेश नाकारल्याबद्दल दाद मागितली होती. खालच्या न्यायालयाच्या आदेशानं त्याला प्रवेश मिळाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत तो शेवटच्या सत्रात होता. निकाल काहीही लागला तरी त्याला शिक्षण पुरं करता येणार होतं, म्हणून न्यायालयानं प्रकरण ‘मूट’ ठरवलं आणि मूळ प्रश्नाला हात घातला नाही. ब्रिटिश अर्थ डोक्यात ठेवून हे वाचलं तर न्यायालयानं ‘हे चर्चेला योग्य आहे’ म्हटलं असं वाटेल, म्हणजे पार उलटं.

आमचा सल्ला असा, की वाचक कुठला हे नक्की माहीत नसेल तर ‘मूट’ लिहूच नका. पहिल्या अर्थासाठी ‘डिबेटेबल’ किंवा ‘ओपन टु डिबेट’, दुसऱ्यासाठी ‘नो लाँगर रेलेव्हंट’. आणि ‘म्यूट पॉइंट’ असा शब्दप्रयोग नाहीच. ती ऐकण्यातली चूक आहे.

‘डिबेटेबल’ आणि ‘आर्ग्युएबल’ यांतही सांभाळायला हवं. ‘दॅट इज डिबेटेबल’ म्हणणारा बहुतेक वेळा सभ्यपणे ‘मला पटत नाही’ असं म्हणत असतो. ‘आर्ग्युएबल’ दोन दिशांना जातं: ‘इट इज आर्ग्युएबल दॅट’ म्हणजे असं म्हणायला आधार आहे, आणि ‘इट इज आर्ग्युएबल व्हेदर’ म्हणजे शंका आहे. ‘दॅट’ की ‘व्हेदर’, यावर सगळं फिरतं. ‘आर्ग्युएब्ली’ मात्र नेहमी बाजूनं बोलतो. ‘आर्ग्युएब्ली द बेस्ट’ म्हणजे ‘सर्वोत्तम म्हणता येईल असा’. त्याचं ‘वादग्रस्तपणे सर्वोत्तम’ केलं की लेखकाची स्तुती निंदेत जाते.

प्रश्न : कर्मचाऱ्याच्या वार्षिक कामगिरी अहवालात ‘कन्टेन्शस’ लिहावं की ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’? तो प्रत्येक गोष्टीवर आक्षेप घेतो.

उत्तर : दोन्ही नको. स्वभावाची विशेषणं लिहिली की अहवालावरूनच तंटा होतो, आणि नंतर ती सिद्धही करता येत नाहीत. काय घडलं ते लिहा: कोणत्या बैठकीत, कोणत्या निर्णयावर, काय आक्षेप घेतला आणि त्यामुळे काम किती लांबलं. त्यातला एखादा आक्षेप रास्त होता का, हेही त्यातून तुमचं तुम्हाला दिसेल.

शब्द म्हणून फरक हवा असेल तर: ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’ला युक्तिवादाची खोड, ‘क्वॉरल्सम’ला रागावून भांडण्याची, ‘लिटिजस’ला उठसूट कोर्टात जाण्याची. ‘कॉन्ट्ररी’चा जोर मधल्या अवयवावर दिला, ‘कन्‌ट्रेअरी’सारखा, तर मुद्दाम उलट वागणारा, पहिल्या अवयवावर दिला तर नुसतं ‘विरुद्ध’. शाळेतल्या ‘आर्ग्युमेंटेटिव्ह एसे’त मात्र निंदा अजिबात नाही. बाजू घेऊन पुराव्यासह केलेली मांडणी, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : ‘हॉटली कन्टेन्शस’ बरोबर आहे का? आणि उलट अर्थासाठी ‘अन’ लावायचा की ‘नॉन’?

उत्तर : ‘हॉटली’ क्रियापदापासून आलेल्या शब्दांना लागतो: हॉटली डिबेटेड, हॉटली डिस्प्यूटेड, हॉटली कन्टेस्टेड. ‘कन्टेन्शस’ला ‘हायली’ सर्वांत सहज. ‘पर्टिक्युलर्ली’, ‘इन्क्रीजिंग्ली’ही चालतात. ‘अनकन्टेन्शस’ म्हणजे ज्यावर कोणी वाद घालणार नाही असा, आणि तो रोजच्या लेखनात चालतो. ‘नॉन-कन्टेन्शस’ला कायद्याचा वास आहे.

प्रश्न : क्रीडापानावर ‘द टीम इज स्टिल इन कन्टेन्शन’ असं वाचलं. संघात भांडणं आहेत का?

उत्तर : नाहीत. ‘इन कन्टेन्शन’ म्हणजे स्पर्धेत, विजेतेपदाच्या शर्यतीत टिकून असलेला. ‘कन्टेन्डर’ म्हणजे दावेदार. ‘माय कन्टेन्शन इज दॅट’ मध्ये तिसराच अर्थ येतो, ‘माझं म्हणणं असं की’. क्रियापदातही हे तिन्ही धागे दिसतात: ‘कन्टेन्ड फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी चुरस, ‘कन्टेन्ड दॅट’ म्हणजे ठासून म्हणणं, ‘कन्टेन्ड विथ’ म्हणजे अडचणीशी झुंजणं. ‘कन्टेन्शस’ला यांतली चुरस मिळालेली नाही, म्हणून जिंकण्याच्या शर्यतीतल्या संघाला ‘अ कन्टेन्शस टीम’ म्हटलं तर मात्र खेळाडू आपसांत भांडत आहेत असाच अर्थ होईल.